‘पीके’ या दोन अक्षरांमागचा माणूस

संगणकावरील एखादी ‘झिप’ फाईल नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्राममध्ये उघडून पाहिली, तर पडद्यावर अगम्य चिन्हांचा चिखल दिसतो. त्यात सुरुवातीची दोन रोमन अक्षरे मात्र स्वच्छ वाचता येतात: पी आणि के. वर्डमध्ये तयार केलेला आजचा दस्तऐवज असो, एक्सेलची ताळेबंदाची फाईल असो किंवा अँड्रॉइड मोबाईलवर उतरवून घेतलेले अ‍ॅप असो, प्रत्येकाच्या कपाळी हीच दोन अक्षरे असतात. ती फिलिप कॅट्झ या अमेरिकी प्रोग्रामरच्या नावाची आद्याक्षरे आहेत. घरोघरीच्या संगणकांवर आपले नाव असे कोरून ठेवणारा हा माणूस १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतील एका हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत आढळला. तेव्हा त्याचे वय अवघे ३७ होते.

कॅट्झ यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९६२ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात झाला. अबोल, एकलकोंडा, मैदानी खेळांत न रमणारा असा हा मुलगा होता. त्याची खरी मैत्री वडिलांशी, वॉल्टर यांच्याशी होती. संध्याकाळी दोघे बुद्धिबळाचा पट मांडत, नाहीतर प्रोग्राम करता येणाऱ्या कॅल्क्युलेटरसाठी सूचनांच्या ओळी लिहीत बसत. त्या काळच्या कॅल्क्युलेटरची स्मृती अगदी तोकडी असे. एक सूचना वाचवली तर दुसरीसाठी जागा मिळे. कमीत कमी जागेत जास्तीत जास्त काम बसवण्याची सवय कॅट्झ यांना लागली, ती इथे. १९८० मध्ये त्यांनी निकोलेट हायस्कूल सोडले आणि पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेतून संगणकशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांनी १९८४ मध्ये अ‍ॅलन-ब्रॅडली कंपनीत नोकरी धरली. कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकांसाठी प्रोग्राम लिहिणे हे तिथले काम. १९८६ मध्ये ते ग्रेसॉफ्ट या लहान कंपनीत गेले. पण मन रमत होते ते रात्री, घरच्या संगणकावर.

त्या काळातील घरगुती संगणकाची ऐपत लक्षात घेतल्याशिवाय कॅट्झ यांच्या कामाचे मोल कळत नाही. फ्लॉपीवर जेमतेम ३६० किलोबाईट मजकूर मावे. दहा-वीस मेगाबाईटची हार्डडिस्क असणे ही श्रीमंती होती. आजच्या अर्थाने इंटरनेट घरांत पोहोचलेले नव्हते. हौशी मंडळी टेलिफोनच्या तारेवरून ‘बुलेटिन बोर्ड’ नावाच्या खासगी संगणकांना जोडणी करत आणि तिथून प्रोग्राम उतरवून घेत. २४०० बिट वेगाच्या मोडेममधून सेकंदाला सुमारे २४० अक्षरे येत. म्हणजे ३०० किलोबाईटच्या फाईलला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागे, आणि तेवढा वेळ टेलिफोनचे मीटर पळत राही. फाईल निम्मी करता आली तर वेळ निम्मा आणि बिलही निम्मे. फाईल लहान करणे हा त्या काळी सरळ पैशांचा प्रश्न होता.

या कामासाठी तेव्हा ‘आर्क’ नावाचा प्रोग्राम सर्वत्र वापरला जाई. न्यू जर्सीतील सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स या छोट्याशा कंपनीसाठी थॉम हेंडरसन यांनी तो १९८५ मध्ये लिहिला होता. त्याचा मूळ स्रोत, म्हणजे सी भाषेतील प्रोग्रामच्या ओळी, इतरांना पाहण्यासाठी उपलब्ध होत्या. कॅट्झ यांनी त्या पाहिल्या आणि महत्त्वाचे भाग संगणकाच्या प्रोसेसरला थेट समजणाऱ्या असेम्ब्ली भाषेत नव्याने लिहिले. तयार झालेला ‘पीकेआर्क’ मूळ प्रोग्रामपेक्षा इतका चपळ निघाला की बुलेटिन बोर्डवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. १९८६ मध्ये कॅट्झ यांनी आई हिल्डेगार्ड यांच्या मदतीने ‘पीकेवेअर’ ही कंपनी आईच्या घरातच सुरू केली. प्रोग्राम फुकट वापरून पाहावा, आवडला तर टपालाने पैसे पाठवावेत, अशी ‘शेअरवेअर’ पद्धत होती. लोकांनी पैसे पाठवले आणि नोकरी सुटली.

हेंडरसन यांनी एप्रिल १९८८ मध्ये न्यायालयात धाव घेतली. आपला प्रोग्राम आणि आपले ‘आर्क’ हे नाव दोन्ही वापरल्याचा त्यांचा दावा होता. जॉन नावास या तज्ज्ञाने दोन्ही प्रोग्रामच्या ओळी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. हेंडरसन यांच्या मूळ ओळींमधील टिपा, त्यांतील शुद्धलेखनाच्या चुकांसकट, कॅट्झ यांच्या प्रोग्राममध्ये जशाच्या तशा उतरल्याचे त्यांना आढळले. शाळकरी मुलाने शेजाऱ्याचा पेपर चुकांसह उतरवावा, तसाच हा प्रकार होता. १ ऑगस्ट १९८८ रोजी तडजोड झाली. कॅट्झ यांनी मागील मानधन आणि खर्चापोटी एकूण ६२,५०० डॉलर द्यायचे आणि काही महिन्यांनंतर ‘आर्क’शी जुळणारे प्रोग्राम विकणे बंद करायचे, असे ठरले.

पण लोकमताच्या न्यायालयात निकाल नेमका उलटा लागला. एका हुशार, एकट्या तरुणावर बडी कंपनी तुटून पडली आहे, असे चित्र बुलेटिन बोर्डांवर रंगवले गेले. वास्तविक हेंडरसन यांचा व्यवसायही घरगुतीच होता. तरीही त्यांच्यावर शिव्यांचा भडिमार झाला आणि अनेक बोर्डांनी ‘आर्क’ला दारे बंद केली. खटला जिंकूनही हेंडरसन यांनी बाजारपेठ गमावली. कॅट्झ यांच्या बुद्धीचे कौतुक करताना हा अन्याय झाकून ठेवता येत नाही. चपळाईचे श्रेय कॅट्झ यांचे होते, पण पाया दुसऱ्याचा होता आणि त्या दुसऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली.

आता स्वतःचे काहीतरी घडवणे भाग होते. काही महिन्यांतच कॅट्झ यांनी नवी रचना उभी केली. मिलवॉकी परिसरातील ‘एक्झेक-पीसी’ हा मोठा बुलेटिन बोर्ड चालवणारे त्यांचे मित्र रॉबर्ट महोनी यांनी नाव सुचवले: ‘झिप’. सपाट्याने निघून जाणे, असा त्या शब्दाचा भाव. १९८९ च्या सुरुवातीला ‘पीकेझिप’ बाजारात आला आणि त्याच वर्षीच्या १४ फेब्रुवारीला कॅट्झ यांनी आयुष्यातील सर्वांत दूरगामी निर्णय जाहीर केला. झिप फाईलची रचना कशी असते याचे तपशील सर्वांसाठी खुले झाले. कुणीही ते वाचावेत आणि झिप उघडणारा किंवा बांधणारा स्वतःचा प्रोग्राम लिहावा. पीकेझिप कंपनीचा, पण झिप सर्वांची. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्याच्या ओळी वापरल्याबद्दल दंड भरलेल्या माणसाने हे करावे, यात पश्चात्ताप किती आणि प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करण्याची चाल किती, हे ज्याने त्याने ठरवावे. परिणाम मात्र निर्विवाद आहे.

रचना मुळातच चांगली होती. झिपच्या गाठोड्यात कोणकोणत्या फायली आहेत, याची यादी अगदी शेवटी लिहिलेली असते. त्यामुळे सगळे गाठोडे न सोडता आत काय आहे ते पाहता येते आणि हवी ती एकच फाईल बाहेर काढता येते. प्रत्येक फाईलबरोबर एक पडताळणीचा आकडाही नोंदवलेला असतो. फाईल उघडताना तो जुळला नाही, तर वाटेत काही बिघडले हे लगेच कळते. खरखरणाऱ्या टेलिफोन लाईनींच्या त्या काळात हा मोठा दिलासा होता.

१९९३ मध्ये आलेल्या पीकेझिपच्या २.०४ आवृत्तीत कॅट्झ यांची खरी कारागिरी दिसली. ‘डिफ्लेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत दोन जुन्या कल्पनांची सांगड घातलेली आहे. पहिली कल्पना १९७७ मध्ये अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव या इस्रायली संशोधकांनी मांडली. महापालिकेच्या एखाद्या अहवालात ‘महानगरपालिका’ हा शब्द शंभर वेळा येतो. पहिल्यांदा तो पूर्ण लिहावा लागतो. पुढे मात्र इतकी अक्षरे मागे जा आणि तिथून इतकी अक्षरे उचला, एवढीच खूण पुरते. डिफ्लेट अशा पुनरुक्तीसाठी मागची ३२ किलोबाईट धुंडाळते. दुसरी कल्पना डेव्हिड हफमन यांची, १९५२ मधली. एमआयटीत विद्यार्थी असताना त्यांना ती सुचली. वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत द्यायचा आणि क्वचित येणाऱ्याला लांब. तारयंत्राच्या मोर्स लिपीतही हेच तत्त्व होते. हफमन यांनी सर्वांत किफायतशीर संकेत शोधण्याची गणिती रीत दिली.

दोन्ही कल्पना कॅट्झ यांच्या नव्हत्या. पण घरातल्या मामुली संगणकावर, तुटपुंज्या स्मृतीत, माणसाला कंटाळा येण्याच्या आत त्या कशा चालवायच्या, हे कोडे त्यांनी सोडवले. पुनरुक्ती झटपट शोधण्याच्या त्यांच्या युक्तीला १९९१ मध्ये अमेरिकी पेटंटही मिळाले होते. मराठी वाचकांसाठी एक गमतीची बाब अशी की, युनिकोडमधील देवनागरी मजकूर या पद्धतीला फार मानवतो. इंटरनेटवर रूढ असलेल्या युटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाईट लागतात आणि त्यांतील पहिले दोन जवळजवळ सारखेच असतात. त्यामुळे मराठी लेखाची फाईल झिप केल्यावर लक्षणीय आक्रसते. छायाचित्रांच्या जेपीजी फायली मात्र झिप करून विशेष लाभ होत नाही, कारण त्या आधीच दाबून लहान केलेल्या असतात.

घरच्या संगणकावर पीकेझिप वापरणे म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टंकणे. बांधण्यासाठी पीकेझिप आणि सोडण्यासाठी पीकेअनझिप असे दोन वेगळे प्रोग्राम होते. फाईल एका फ्लॉपीत मावेना, तर नवा प्रोग्राम ती तुकड्यांत वाटून एकामागून एक फ्लॉपी मागे. शेवटची फ्लॉपी वाचता आली नाही, तर आधीच्या सगळ्या व्यर्थ जात! या प्रोग्रामवर लोकांचा इतका विश्वास होता की, १९९५ मध्ये कुणा भामट्याने ‘पीकेझेड३००’ या नावाने खोटी नवी आवृत्ती पसरवली. ती चालवणाऱ्याची हार्डडिस्क पुसली जाण्याचा धोका होता. कंपनीला जाहीर इशारा द्यावा लागला.

कंपनी बहरली, पैसा आला, कर्मचारी वाढले. कॅट्झ मात्र व्यवस्थापनात कधीच रमले नाहीत. कारभार आई पाहत, पुढे मायलेकांतही ताण निर्माण झाला. प्रोग्रामरांच्या जगात तोवर विंडोजची लाट आली होती आणि कॅट्झ यांचे मन अजून काळ्या पडद्यावरच होते. माऊसने झिप फाईल हाताळण्याची सोय निको माक यांच्या ‘विनझिप’ने १९९१ मध्येच आणली. पीकेवेअरची विंडोज आवृत्ती उशिरा पोहोचली. झिपची रचना खुली असल्याने माक यांना कुणाची परवानगी लागली नाही. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले. त्यानंतर इथल्या सायबर कॅफेंत आणि घरांत झिप पोहोचली ती बहुतांशी विनझिपच्या खिडकीतून. ‘पीके’ कोण, हे विचारण्याचे कारण कुणाला पडले नाही.

या यशाच्या आड एक आयुष्य खचत होते. कॅट्झ यांना दारूचे व्यसन जडले होते. मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल त्यांना १९९१ पासून वारंवार अटक झाली. कार्यालयातील त्यांची हजेरी विरळ होत गेली. मेक्वॉन येथील त्यांच्या सदनिकेतून दुर्गंधी येत असल्याची तक्रार शेजाऱ्यांनी केली. १९९७ मध्ये अधिकारी आत शिरले, तेव्हा सर्वत्र कचऱ्याचे ढीग साचलेले होते. जगाला फायली नीटनेटक्या बांधून ठेवायला शिकवणाऱ्या माणसाच्या घराची ही अवस्था होती. अखेरच्या काळात ते स्वस्त हॉटेलांच्या खोल्यांतून राहत. मृत्यूसमयी भोवती दारूच्या रिकाम्या बाटल्या होत्या. दीर्घकाळच्या मद्यपानाने स्वादुपिंडात झालेला रक्तस्राव, असे मृत्यूचे कारण नोंदवले गेले. ना पत्नी होती, ना मूल.

तोवर त्यांचे काम त्यांच्या हातून सुटून स्वतंत्रपणे चालू लागले होते. ज्याँ-लू गेली आणि मार्क अ‍ॅडलर यांनी डिफ्लेटवर आधारित ‘जीझिप’ आणि पाठोपाठ ‘झीलिब’ हे मोफत प्रोग्राम लिहिले. १९९६ मध्ये पीटर डॉइच यांनी डिफ्लेटची पद्धत इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदवली. जीआयएफ चित्रांमागील पद्धतीच्या पेटंटवरून वाद पेटला, तेव्हा पर्याय म्हणून आलेल्या पीएनजी चित्रांनी डिफ्लेटच स्वीकारली. सर्व्हरकडून ब्राउझरकडे येणारी वेबपानेही याच रीतीने आक्रसून येऊ लागली.

कॅट्झ यांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, पीकेवेअर नव्या मालकांच्या हाती गेली. त्याच वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये झिप फाईल साध्या फोल्डरसारखी उघडण्याची सोय मुळातच दिलेली होती. त्यासाठी वेगळा प्रोग्राम विकत घेण्याची गरज उरली नाही.