पोवळ्यांचा राजा

ग्रंथालयात पश्चिम आफ्रिकेवरील एक पुस्तक चाळताना एका छायाचित्रापाशी मी थबकलो. साल १८९७. बोटीवर एक भारदस्त पुरुष बसलेला; अंगावर साधे वस्त्र, पायांत बेड्या, भोवती शिपाई. हा बेनिनचा राजा ओव्होनराम्वेन. त्याचे राज्य आजच्या नायजेरियातील एडो प्रांतात होते. त्या चित्रात जे नव्हते त्याचाच मी पुढे शोध घेत राहिलो. ती होती त्याची पोवळी.

आपल्याकडे पोवळी मंगळसूत्रात ओवतात, मंगळाचे रत्न म्हणून बोटात घालतात. बेनिनमध्ये पोवळे म्हणजे राजपदच. १५ व्या शतकातील एवुआरे राजाने ती समुद्रदेव ओलोकुनकडून आणली, अशी तेथील कथा. भूमध्य समुद्रातील पोवळी पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी तेथे नेली, तशीच गोव्यातही आणली. पोवळ्यांचा मुकुट, हनुवटीपर्यंत चढणारे कंठे, जाळीदार अंगरखा असा पूर्ण साज चढला की राजाचे दोन्ही हात सेवकांना धरावे लागत. सरदारांना पोवळी राजाकडूनच मिळत व त्यांच्या मृत्यूनंतर राजाकडे परत जात. पोवळ्यांच्या वार्षिक विधीत पूर्वी नरबळी दिला जाई, हेही लपवण्याचे कारण नाही.

ओव्होनराम्वेन १८८८ च्या सुमारास गादीवर आला. व्यापारावरील त्याची पकड इंग्रजांना खुपत होती. जानेवारी १८९७ मध्ये, विधी चालू आहेत, थांबा, असा निरोप असूनही फिलिप्स हा अधिकारी निघाला आणि वाटेत बहुतेक साथीदारांसह मारला गेला. फेब्रुवारीत इंग्रजांनी शहर जिंकले, राजवाडा लुटला. पितळी व हस्तिदंती शिल्पे युरोपात गेली. राजा रानात निघून गेला. ऑगस्टमध्ये तो शरण आला तो पोवळ्यांनी मढूनच. प्रजेदेखत त्याला तीनदा कपाळ मातीला टेकवायला लावले. मग कालाबारला हद्दपारी आणि जानेवारी १९१४ मध्ये तेथेच मृत्यू.

त्याच वर्षी त्याचा मुलगा एवेका दुसरा गादीवर बसला. १९३८ मध्ये लुटीतील पोवळ्यांचे मुकुट व अंगरखा नातू अकेन्झुआ दुसरा याच्याकडे परत आले. ते ओव्होनराम्वेनचेच असावेत असे मानतात.

मित्रहो, ते छायाचित्र मी पुन्हा पाहिले. पोवळी काढून घेणाऱ्यांना वाटले असेल, राजपद संपले. पण त्या पोवळ्यांचा अर्थ जाणणारी माणसे मागे उरली होती. म्हणूनच ती परत आली तेव्हा त्यांना ठेवायला गादी शिल्लक होती.