नारायण मेघाजी लोखंडे : काम आणि माणूस दोन्ही सांभाळणारा पुढारी

रविवारी सकाळी आपण मुलाबाळांना घेऊन विहारात वंदनेला येतो. हा रविवार आपल्याला कुणी मिळवून दिला, असं वस्तीतल्या पोरांना विचारलं तर पोरं एकमेकांकडे बघतात. इंग्रजांनी दिला, असं एखादा म्हणतो. ते खरं नाही. तो मिळवून दिला महात्मा फुल्यांच्या एका सहकाऱ्याने, नारायण मेघाजी लोखंडे यांनी. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांची ओळख करून द्यावी असं आम्हाला वाटलं.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याचा. घरची गरिबी. शिक्षण बेताचंच झालं. आधी टपाल खात्यात नोकरी केली, मग मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. स्टोअरकीपर म्हणजे मधला माणूस. वरून साहेबाचा तगादा आणि खालून कामगाराची अडचण, दोन्ही त्याच्या टेबलावर येतात. गिरणी कशी चालते हे लोखंडे यांनी तिथे पाहिलं आणि गिरणी चालवताना माणूस कसा भरडला जातो तेही पाहिलं.

त्या काळात दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. पगार वेळेवर मिळेल याची खात्री नव्हती. यंत्रात हात गेला तर माणूस घरी बसला, विषय संपला. १८८१ च्या कायद्याने लहान मुलांपुरतं थोडं संरक्षण दिलं. मोठ्यांच्या कामाच्या तासांना काहीच बंधन नव्हतं.

१८८० साली लोखंडे यांनी ‘दीनबंधू’ हे सत्यशोधकांचं पत्र मुंबईत हाती घेतलं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या साध्या होत्या. आठवड्यात रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. आदल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हातात. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

या मागण्या नीट वाचाव्यात. यातली कोणतीही मागणी गिरणी बंद पाडणारी नाही. यंत्र चालू राहावं आणि चालवणारा माणूसही जगावा, एवढंच तिथे मागितलं होतं.

त्यांची संघटना बाँबे मिल हँड्स असोसिएशन या नावाने ओळखली गेली. तिला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, छापील नियम नव्हते. सरकारी अहवालाने तर ही संघटनाच नव्हे असा शेरा मारला. पण २४ एप्रिल १८९० ला सभा बोलावली तेव्हा दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार बायांनी उभं राहून भाषणं केली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आणि तेही भर सभेत! पावतीपुस्तक नसताना माणसं येतात ती विश्वासावर येतात. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या कामात लोखंडे यांना घेतलं. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली, बायकांच्या व मुलांच्या कामाला तासांची मर्यादा आली.

लोखंडे यांचेही सगळ्यांशी गोडीगुलाबीचे संबंध नव्हते. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे सुरुवातीचे भाग त्यांनी ‘दीनबंधू’त छापले आणि पुढचे थांबवले. जोतीराव नाराज झाले. पण कामगारांचं काम त्यापायी थांबलं नाही. विधवांचं केशवपन करणार नाही असं नाभिक बांधवांनी १८९० साली ठरवलं, त्यामागेही लोखंडे होते. १८९३ ला मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली तेव्हा राणीच्या बागेत एकोप्याची सभा भरवायला तेच पुढे झाले. १८९७ ला प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता ९ फेब्रुवारीला ते गेले. महिन्याभरात सावित्रीबाईही त्याच साथीत गेल्या.

एक गोष्ट मात्र लपवू नये. रविवार सगळ्यांना मिळाला, पण विणकाम खात्याचं दार आपल्या माणसांना उघडलं नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, तो उष्टा होतो, विटाळ होतो म्हणून! सुट्टी एकत्र, संप एकत्र, पण खातं वेगळं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगार म्हणून एक व्हायचं तर माणूस म्हणून आधी एक व्हा, हा त्याचा अर्थ.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात मालक आणि सेवक यांचं नातं सांगितलं आहे. मालकाने ताकद बघून काम द्यावं, अन्न-वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलंचुंगलं वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी. सेवकानेही काम चोख करावं, दिलेलंच घ्यावं. दोन्ही बाजूंना पाच-पाच कर्तव्यं. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली सुट्टी गिरणीत यायला १८९० उजाडलं.

हे लिहिताना आम्हाला आमचंच आठवलं. विहाराच्या कामात आम्ही एकदा उशिरा आलेल्या पोरांना सगळ्यांसमोर फाडफाड बोललो. मंडप वेळेवर उभा राहिला. पुढच्या जयंतीला मात्र त्यातली चार पोरं आलीच नाहीत. त्यातला एक रात्रपाळी करून तसाच आला होता, हे आम्हाला नंतर कळलं. मंडप उभा केला, माणसं मोडली. नंतर त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा कुठे तो परत आला.

विहाराची वीट माणसांनीच चढवलेली आहे. काम सोडून नुसतं गोड बोलणाऱ्याच्या हातून काही उभं राहत नाही आणि माणूस सोडून नुसतं काम बघणाऱ्याच्या मागे कुणी उरत नाही. येत्या रविवारी वंदनेला बसताना लोखंडे यांची आठवण ठेवू या, आणि शेजारी बसलेल्याला कालची पाळी कोणती होती हे आधी विचारू या.

जय भीम! नमो बुद्धाय!