लाल रंगाच्या पुढची रिकामी जागा

उपग्रह शेकडो किलोमीटर वरून नदीच्या पाण्याचं तापमान सांगतो, हे तुम्ही ऐकलं असेल. पण या विद्येची सुरुवात लष्करी बँडमध्ये ओबो वाजवणाऱ्या एका माणसाने केली, हे माहितीय?

विल्यम हर्शेल १७३८ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये जन्मले. तरुणपणीच इंग्लंडला आले. बाथ शहरात ऑर्गन वाजवणं आणि शिकवण्या, यावर घर चालायचं. रात्री मात्र आकाश! दुर्बिणी परवडेनात, म्हणून आरसे स्वतःच घासायला बसले. घासताना हात थांबवायचा नाही, म्हणून बहीण कॅरोलाइन घास भरवायची. अशाच घरगुती दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ ला त्यांना युरेनस सापडला.

दुसरा कुणी तिथेच थांबला असता. हर्शेल १८०० साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, साध्या प्रश्नावर अडले. सूर्य बघताना काही रंगीत काचांतून उजेड कमी येतो, तरी डोळ्याला चटका का बसतो? त्यांनी लोलकातून ऊन सोडलं आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. मग लाल रंगाच्या पुढे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवला. पारा तिथेच सगळ्यात जास्त चढला! तेच अवरक्त किरण.

याच कुळातले, आणखी लांब लहरींचे किरण पाणीही सोडतं. उपग्रह ते टिपतो. अडचण एकच, बारकाव्याची. 'लँडसॅट ८' साध्या रंगांत ३० मीटरचा चौकोन पाहतो, उष्णतेत मात्र १०० मीटरचा. नदी साठ मीटर रुंद असेल, तर त्याच चौकोनात काठाची तापलेली वाळूही येते आणि पाणी आहे त्यापेक्षा गरम वाटतं. खाडीतही हेच. मग वीजकेंद्रातून सोडलेलं गरम पाणी नेमकं कुठवर पसरलं, ते कसं कळणार? गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणजे प्रश्न माशांच्या श्वासाचा आहे.

म्हणून संशोधक ३० मीटरच्या चित्रातून पाणी किती, झाडी किती, वाळू किती हे बघतात आणि त्या हिशोबाने मोठ्या चौकोनाची उष्णता छोट्या चौकोनांत वाटतात. इस्रो आणि फ्रान्सच्या 'तृष्णा' मोहिमेत तर किनाऱ्याजवळचा उष्णतेचा चौकोनच साधारण ६० मीटरचा ठरलाय.

तरीही वाटलेली उष्णता हा अंदाजच. तो खरा की खोटा, हे ठरवायला कुणाला तरी पाण्यात थर्मामीटर बुडवावाच लागतो. हर्शेल १८२२ मध्ये गेले, पण त्यांची ही सवय अजून सुटलेली नाही. तुम्हाला लावून घ्यायचीय?