चारही रस्ते थांबवणारा माणूस

नाशिकचा सीबीएस चौक असो की त्र्यंबक नाका, रस्ता ओलांडताना आपली काय तारांबळ उडते, हे वेगळं सांगायला नको. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लेकराचा हात. समोरच्या गाड्या थांबल्या म्हणून पाऊल टाकावं, तर नेमकी डावीकडे वळणारी रिक्षा अंगावर येते! गाड्याही खोळंबू नयेत आणि पायी चालणाराही सुखरूप पोचावा, हे गणित शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने मनावर घेतलं होतं. त्याचं नाव गॅरेट मॉर्गन.

मॉर्गन यांचा जन्म ४ मार्च १८७७ चा, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला. आईवडील गुलामीतून सुटलेले, घरात अकरा भावंडं. शाळा जेमतेम सहावीपर्यंत. पोटासाठी लहान वयातच घर सोडलं आणि १८९५ मध्ये क्लीव्हलँड शहर गाठलं. तिथे कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करता करता मशीनची नस अन् नस त्यांना कळली. १९०७ मध्ये स्वतःचं दुरुस्तीचं दुकान थाटलं. पत्नी मेरी उत्तम शिवणकाम करणाऱ्या. दोघांनी मिळून १९०९ मध्ये कपडे शिवायचा व्यवसाय सुरू केला आणि त्यात ३२ जणांना काम दिलं. नवराबायकोच्या कष्टातून उभा राहिलेला संसारच म्हणा ना!

धूर आणि विषारी वायूपासून वाचवणारा एक टोप त्यांनी बनवला. त्याचं पेटंट १९१४ मध्ये मिळालं. पण कृष्णवर्णीय माणसाने केलेली वस्तू घेणार कोण? म्हणून दक्षिणेकडच्या राज्यांत टोप विकताना ते संशोधक म्हणून गोऱ्या माणसाला पुढे करत. जुलै १९१६ मध्ये क्लीव्हलँडच्या तळ्याखालच्या बोगद्यात स्फोट झाला, कामगार अडकले. मॉर्गन आणि त्यांचे भाऊ तोच टोप घालून आत उतरले आणि काही जणांना बाहेर काढलं. शौर्यपदकं मात्र दुसऱ्यांना मिळाली. एवढं होऊनही हा माणूस पुन्हा कामाला लागला.

तेव्हा रस्त्यावर टांगे, मोटारी, सायकली आणि माणसं, सगळ्यांची एकच सरमिसळ. एका मोटारीची आणि टांग्याची भयंकर टक्कर त्यांनी पाहिली, असं सांगतात. त्या काळचे बरेच सिग्नल दोनच गोष्टी सांगत : थांबा आणि जा. एकाचं ‘जा’ संपतं न संपतं तोच दुसऱ्याचं सुरू. मधे सापडलेल्याने काय करायचं? मॉर्गन यांनी हाताने फिरवायचा एक खांब तयार केला. त्यात तिसरी खूण होती, चारही बाजूंनी थांबा. चौक रिकामा होई आणि पायी चालणाऱ्यांना वाट मिळे. रात्री वर्दळ कमी झाली, की खांबाचे हात अर्ध्यावर आणून ठेवायचे. मग गाड्यांनी उगाच थांबायचं नाही, जपून पुढे जायचं. २० नोव्हेंबर १९२३ ला त्याचं पेटंट मिळालं. पिवळा दिवा त्याआधीच, १९२० मध्ये, डेट्रॉइटमध्ये विल्यम पॉट्स यांनी लावला होता. पण मॉर्गन यांच्या एकाच खांबात सुरक्षितपणा आणि सोय, दोन्हींचा विचार होता.

हे गणित आजही सुटलेलं नाही. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथे डावीकडे वळणारी गाडी समोरच्यांना आडवी जाते. आपल्याकडे हाच घोळ उजव्या वळणाला होतो. वळणाऱ्यांना वेगळा बाण दिला तर टक्कर टळते, पण ते सेकंद बाकीच्या रस्त्यांच्या वाट्यातून जातात आणि रांगा वाढतात. थांबणं फार लांबलं, की पादचाऱ्यांचाही धीर सुटतो. आपलं डावं वळण सोपं, म्हणून पुष्कळ चौकांत ते मोकळंच ठेवतात. रांग कमी होते हे खरं, पण तिथे रस्ता ओलांडणाऱ्या बाईची पाळी कधी येतच नाही! जगातल्या अनेक शहरांत आता गाड्यांच्या आधी पादचाऱ्यांना काही सेकंद पुढे सोडतात. ही मॉर्गन यांच्याच विचाराच्या जवळची वाट.

उतारवयात काचबिंदूने मॉर्गन यांची दृष्टी जवळजवळ गेली. २७ जुलै १९६३ रोजी ते वारले.

आपल्याला खांब बनवायचा नाही, अर्ज तर लिहिता येतो! बचत गटाच्या, महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्या. शाळा, दवाखाना, भाजीबाजार यांच्याजवळच्या चौकात गर्दीच्या वेळी डावं वळणही थांबवा, पायी चालणाऱ्यांना वेगळे सेकंद द्या, अशी मागणी नगरपालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे करा. रात्री वर्दळ ओसरल्यावर वळण मोकळं राहू द्या, त्याला आपली ना नाही. दिवसा मात्र आपल्या लेकराचं पाऊल आधी, गाडीचं चाक मागून.