घरातला सुधारक

गोपाळ गणेश आगरकरांचे नाव निघाले की पुण्यातील सनातन्यांनी ते जिवंत असताना काढलेली त्यांची प्रेतयात्रा हटकून आठवते. तो प्रकार किळसवाणा होता यात शंका नाही. परंतु त्याच्या धुरळ्यात एक अधिक अवघड प्रश्न झाकला जातो. ज्या घराने वाढविले त्या घराच्या श्रद्धेपासून मनाने दूर गेलेल्या माणसाने त्या घरात वागावे कसे? रस्त्यावरच्या विरोधकाला लेखणीने उत्तर देता येते. देव्हाऱ्यापुढे बसलेल्या आईला काय उत्तर द्यावे?

1856 साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी एका दरिद्री ब्राह्मण कुटुंबात आगरकर जन्मले. मामाच्या आश्रयाने शिक्षण, मध्येच कचेरीत कारकुनी, कंपाउंडरी, पुढे अकोला आणि अखेर डेक्कन कॉलेज, असा हा प्रवास. तेथे मिल आणि स्पेन्सर त्यांच्या हाती लागले. प्रत्येक समजुतीला पुरावा मागण्याची सवय जडली आणि तिच्यापुढे लहानपणचा देव टिकला नाही. ते अज्ञेयवादी झाले.

त्या काळी घरची श्रद्धा सोडणारे ते एकटे नव्हते. बाबा पदमनजींनी 1854 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. रानडे-भांडारकर प्रार्थना समाजात रमले. एकास नवे मंदिर लाभले, दुसऱ्यांना शुद्ध केलेला का होईना, पण देव उरला. आगरकरांना यांपैकी काहीच नव्हते. दुःखाच्या वेळी ज्याच्याकडे पाहावे असे कोणी आकाशात नाही, आणि शेजारी आपल्या विचाराची मंडळीही नाहीत, अशी ही एकाकी जागा होती. आपल्याकडील चरित्रे तिच्यावरून फार लगबगीने पुढे जातात.

आईला त्यांनी लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा तिने सोडावी, पोटापुरते मिळवून तो उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी घालविणार, असा त्याचा आशय. हे पत्र त्यागाचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र अर्थशास्त्र शिकविणाऱ्याच्या नजरेस त्यातील दुसरी बाजूही पडते. एम. ए. पदवीला तेव्हा बाजारात जी किंमत होती ती नाकारताना ते आपल्याबरोबर म्हाताऱ्या आईच्या वाट्याचे सुखही नाकारीत होते. आईने एकाच मुलाच्या बाबतीत देवही गमावला आणि दारिद्र्याचा अंतही.

पुढील घटना सर्वज्ञात आहेत: 'केसरी'चे संपादकत्व, 1882 मधील डोंगरीच्या तुरुंगातील 101 दिवस, टिळकांशी मतभेद, 1888 साली 'सुधारक'. त्या पत्रातून सोवळे, केशवपन, बालविवाह यांवर त्यांनी जे प्रहार केले त्यांत दयामाया नव्हती. घरात मात्र पत्नी यशोदाबाईंचे देवधर्म चालू राहिले आणि त्यांनी ते बळाने बंद केले नाहीत. विरोधकांनी यात दुटप्पीपणा पाहिला. तो आरोप आम्हांस पटत नाही. स्त्रीला स्वतःच्या बुद्धीने वागण्याचा अधिकार आहे असे सांगणाऱ्याने बायकोचा देव्हारा हुकुमाने हलविला असता, तर तो जुन्याच नवरेशाहीचा नवा अवतार ठरला असता. अर्थात, या तडजोडीत यशोदाबाईंना किती सोसावे लागले, हेही विसरता कामा नये. ज्याच्या नावाने गाव शंख करते त्याची बायको म्हणून वावरताना नवऱ्याच्या मतांचे पाठबळ तिच्यापाशी नव्हते. तिच्या श्रद्धेची माणसे तर समोरच्या बाजूला उभी होती.

1892 पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते आणि दमा जुनाच सोबती होता. 17 जून 1895 रोजी, एकोणचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, ते गेले. त्यांच्या उशाशी एक लहानशी पुरचुंडी सापडली, असे सांगतात. आपल्या अंत्यसंस्काराचा भार कोणावर पडू नये म्हणून तेवढ्यापुरते पैसे त्यांनी तीत बांधून ठेवले होते.