शिंपल्यांचा राखणदार : कोकिची मिकिमोतो

स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब उघड्या शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, ही समजूत आपले पूर्वज कोकणातून या बेटावर येताना सोबत घेऊन आले. नथीतला मोती दाखवून आजी नातवंडांना ही गोष्ट सांगत असे. गोष्ट गोड आहे, पण मोती पावसाने होत नाही. शिंपल्यातील जिवाच्या अंगात एखादा उपरा कण किंवा बारीक किडा शिरला, की तो जीव स्वतःच्या बचावासाठी त्याच्यावर चकचकीत थरामागून थर चढवतो. हाच मोती. ही निसर्गाची करणी माणसाच्या हाताने घडवून आणण्यासाठी ज्यांनी अवघे आयुष्य वेचले, त्या जपानच्या कोकिची मिकिमोतो यांचे चरित्र आज पाहू.

या विषयाला निमित्त आहे. आजकाल मुले घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी हवी म्हणून हट्ट धरतात. तीत प्रवाळ आणि रंगीत मासे पाळायचे असतात. दुकानात गेल्यावर दिवे, पंप आणि नाना यंत्रे पाहून आईबाप गोंधळून जातात. आधी काय घ्यावे आणि कशावाचून चालेल, हे कळत नाही. मिकिमोतो यांनी अशी टाकी मांडली नव्हती. परंतु समुद्रातील नाजूक जीव माणसाच्या देखरेखीखाली जगवणे हाच त्यांचा जन्मभराचा उद्योग होता. म्हणून त्यांच्याकडून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मिकिमोतो यांचा जन्म १८५८ साली तोबा या समुद्रकाठच्या गावी झाला. वडिलांचे शेवयांसारख्या जाड उदोनचे छोटे दुकान होते. घरची गरिबी, त्यात भावंडे पुष्कळ. तेरा वर्षांच्या सुमारास शाळा सुटली आणि हा थोरला मुलगा भाजी विकून घराला हातभार लावू लागला. वीस वर्षांचे असताना ते तोक्यो आणि योकोहामा पाहून आले. तेथे परदेशी व्यापारी समुद्रातील माल चढ्या भावाने घेतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आपल्या गावच्या किनाऱ्यावरचा मोती केवढ्या मोलाचा आहे, हे त्यांना तेव्हा उमगले.

पण गावी दुसरेच चित्र होते. मोत्यांच्या लोभाने लोक लहानमोठे सगळे शिंपले उपसून काढत होते. असेच चालले तर शिंपल्यांचा वंशच बुडेल, हे मिकिमोतो यांनी ओळखले. १८८८ साली आगो उपसागरात शिन्मेई येथे त्यांनी शिंपले जोपासण्यास सुरुवात केली. पहिला हेतू शिंपले वाढवण्याचा होता. १८९० साली तोक्यो विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ काकिची मित्सुकुरी यांच्याशी त्यांची भेट झाली. शिंपल्याच्या अंगात मुद्दाम एखादा कण ठेवला तर मोती तयार होणे शास्त्राला धरून आहे, असे मित्सुकुरी यांनी त्यांना समजावले. भाजी विकणाऱ्या मुलाला शास्त्रज्ञाचा आधार मिळाला.

पुढची वर्षे कठीण गेली. शिंपल्यात कण ठेवावा, तर शिंपला तो बाहेर टाकी. कण टिकला, तर शिंपला मरे. काचेचे, मातीचे, शिंपल्याच्या कवचाचे असे अनेक कण त्यांनी वापरून पाहिले. थंडीत पाणी फार गार झाले की शिंपले सुस्त होत. ऑक्टोपस आणि तारामासे त्यांना खाऊन टाकीत. कर्ज वाढत गेले आणि गावकरी हसू लागले. पत्नी उमे यांनी मात्र साथ सोडली नाही. संसार, मुले आणि धंदा हे सगळे सांभाळून त्या शिंपल्यांच्या कामातही उभ्या राहत.

१८९२ साली मोठे संकट आले. उपसागराचे पाणी एकाएकी लालसर झाले. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव पाण्यात बेसुमार वाढले, की ते पाण्यातला प्राणवायू संपवतात, काही तर विषही सोडतात. शिन्मेईचे शिंपले मेले. सारे काही एकाच ठिकाणी ठेवले असते, तर मिकिमोतो यांची कथा तेथेच संपली असती. पण त्यांनी थोडे शिंपले तोबाजवळच्या ओजिमा या लहानशा बेटापाशीही ठेवले होते. ते वाचले. १८९३ सालच्या ११ जुलै रोजी पतिपत्नी तेथील शिंपले उघडून पाहत असता एका शिंपल्यात कवचाला चिकटलेला अर्धगोल मोती सापडला. माणसाच्या प्रयत्नाने तयार झालेला तो मोती पाहून त्या दोघांना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

१८९६ साली या पद्धतीचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी उमे यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे बत्तीस होते आणि पदरी पाच मुले होती. यशाचे दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मिकिमोतो यांनी पुन्हा लग्न केले नाही. दुःख गिळून ते आगो उपसागरातील तातोकु बेटावर कामाला लागले. १८९९ साली तोक्योच्या गिंझा भागात त्यांनी मोत्यांचे दुकान काढले.

अर्धगोल मोत्यावर त्यांचे समाधान नव्हते. पूर्ण गोल मोती हवा होता. १९०५ साली पुन्हा समुद्र लाल झाला आणि साडेआठ लाखांच्या घरात शिंपले गेले. दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. मिकिमोतो कुजलेल्या शिंपल्यांच्या राशीत बसून एकेक कवच तपासू लागले. त्या दुर्गंधीतच त्यांना काही पूर्ण गोल मोती मिळाले. शिंपल्याच्या अंगात कण नेमका कोठे असावा, याचा उलगडा त्यावरून होऊ लागला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गोल मोत्याचे सगळे श्रेय एकट्या मिकिमोतो यांचे नाही. तोकिची निशिकावा आणि तात्सुहेइ मिसे या दोघांनी त्याच काळात जी रीत शोधली, तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. तीत कणासोबत दुसऱ्या शिंपल्याच्या अंगाचा लहानसा तुकडा ठेवतात. मिकिमोतो यांचे खरे मोठेपण चिकाटीत, शिंपल्यांच्या निगराणीत आणि जगाचा विश्वास मिळवण्यात आहे. युरोपातील व्यापाऱ्यांनी हे मोती खोटे आहेत असा गिल्ला केला, तेव्हा ते पॅरिसच्या न्यायालयात झगडले आणि १९२४ साली त्यांची बाजू मान्य झाली. १९२७ साली अमेरिकेत त्यांनी एडिसन यांची भेट घेतली. १९३२ साली हलक्या प्रतीचे मोती बाजारात वाढले, तेव्हा त्यांनी कोबे शहरात लोकांसमोर असे ढीगभर मोती आगीत टाकले. १९५४ सालच्या २१ सप्टेंबर रोजी वयाच्या शहाण्णवव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ओजिमा बेट आज त्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि त्याच तोबा गावात १९५५ साली सुरू झालेले मोठे मत्स्यालय आहे.

आता आपल्या टाकीकडे वळू. मिकिमोतो यांचे शिंपले कशाने मेले, ते आठवावे : गार पाणी, प्राणवायूचा तुटवडा, आणि सारे एकाच जागी ठेवण्याचा धोका. घरच्या टाकीतले जीवही अशाच कारणांनी दगावतात. म्हणून पहिला पैसा मोजमापाच्या साधनांवर खर्च करावा. थर्मामीटर, पाण्याचा खारटपणा मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर, आणि अमोनिया व नायट्रेट तपासण्याचा संच आधी घ्यावा. खारटपणा एका लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम आणि पाणी २५ अंशांच्या आसपास असावे. जपानी माणसाला हीटर लागतो. आपल्या उष्ण बेटावर उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणारा पंखा वा यंत्र अधिक गरजेचे. त्यानंतर पाणी खेळते ठेवणारे पंप घ्यावेत, कारण पाणी हलत राहिले तरच त्यात प्राणवायू मुरतो. मग फेसावाटे घाण बाहेर काढणारे प्रोटीन स्किमर. प्रवाळासाठी लागणारे महागडे दिवे सर्वांत शेवटी.

टाकी शक्य तितकी मोठी घ्यावी, कारण पाणी जास्त असले की ते लवकर बिघडत नाही. पाणी भरल्यावर चार ते सहा आठवडे थांबावे. तेवढ्यात उपकारक जंतू वाढतात आणि अमोनिया पचवू लागतात. मिकिमोतो वर्षानुवर्षे थांबले. आपल्याला दीड महिना धीर धरता आला पाहिजे. बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप घरात असू द्यावा. वादळात वीज गेली की मोठे पंप बंद पडतात, आणि काही तासांतच टाकीतले जीव गुदमरू लागतात. ओजिमाला ठेवलेल्या शिंपल्यांनी मिकिमोतो यांना तारले. आपल्या टाकीला हा लहानसा पंप तारील.

आणखी एक सांगणे आहे. आपल्या किनाऱ्यावरचे जिवंत प्रवाळ आणि शिंपले उचलून टाकीत आणू नयेत. त्याला कायद्याने बंदी आहे, आणि मनानेही ती पाळावी. २०२० साली जपानी मालकीचे वाकाशिओ जहाज आपल्या प्रवाळाच्या खडकावर आदळून तेल सांडले, तेव्हा आपले लोक उसाच्या पाचटाने भरलेले बांध समुद्रात सोडून लगून वाचवायला धावले होते. तो समुद्र घरात आणण्याच्या हौसेपायी बाहेरचा समुद्र ओसाड होऊ नये. मिकिमोतो यांनी सुरुवात केली ती शिंपल्यांचा वंश वाचवण्यासाठी. मुलांना टाकी घेऊन देताना हा बोधही सोबत द्यावा.