गाण्याची शाळा काढणारा गवई

दर मंगळवारी संध्याकाळी मी गाण्याच्या वर्गाला जाते. पेटीभोवती आम्ही बाराजणी बसतो, पाऊण तासात यमनच्या चार ताना वहीत उतरवतो आणि घरी येतो. गेल्या वर्षी परीक्षेत पहिला वर्ग मिळाला. पण घरी पाहुण्यांपुढे गायला बसले, तेव्हा पाठ केलेल्या ताना संपल्या आणि गाणेही संपले. मला या वर्गपद्धतीचाच राग आला. ही काढली तरी कोणी, म्हणून शोधू लागले आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांपाशी येऊन थांबले.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणी फटाका चेहऱ्याजवळ उडून डोळे अधू झाले, शिक्षण थांबले. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते ग्वाल्हेर गायकी शिकले. गुरुगृही पडेल ते काम करावे आणि गुरूंची मर्जी होईल तेव्हा शिकावे, अशी ती तालीम. गवयाला दरबारी दाद मिळे. समाजात मान मात्र नसे. ही सल घेऊन १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले, तेही राजाश्रयावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांवर. अभ्यासक्रम, स्वरलिपी, छापील पुस्तके, परीक्षा हे सारे आले. १९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली. पुढे कर्जापायी तिथली इमारत गेली. उत्तरायुष्य नाशिकला रामनामात घालवून २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले.

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. वर्गांखेरीज त्यांनी उपदेशक वर्गही चालवला होता. निवडक विद्यार्थी विद्यालयातच राहून रात्रंदिवस मेहनत करीत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांच्यासारखे शिष्य त्यांनी अशाच सहवासात घडवले. म्हणजे पाऊण तासाने गवई होत नाही, हे पंडितजी पुरते जाणून होते. वर्ग होता तो माझ्यासारख्यांसाठी.

माझ्या आजीला गाणे शिकायचे होते. गावात शिकवणारे होते. पण मुलीला तिथे पाठवणार कोण? मला निदान मंगळवार मिळाला आहे. उरलेले सहा दिवस माझे मलाच भरायचे आहेत. म्हणून हल्ली पहाटे तानपुरा लावते. शेजाऱ्यांनी क्षमा करावी!